०.१५ किलोग्रॅमचा बॉल २० मीटर प्रति सेकंद वेगाने भिंतीवर आदळून १५ मीटर प्रति सेकंद वेगाने परत येतो, तेव्हा इम्पल्स (म्हणजे मोमेंटममधला, वस्तुमान × वेग यातला, बदल) ०.१५ × (२० − १५) = ०.७५ का येत नाही?

कारण २० मधून १५ वजा करताना दिशा सुटली. मोमेंटमला दिशा असते, त्यामुळे गणिताला हात लावायच्या आधीच ठरवायचं की कुठली बाजू प्लस, आणि मग शेवटपर्यंत तेच धरून चालायचं. भिंतीकडे जाणारी दिशा प्लस धरली तर सुरुवातीचा वेग +२० आणि परत येतानाचा −१५, मग नेहमी शेवटचा वजा सुरुवातीचा, म्हणजे ०.१५ × (−१५ − २०) = −५.२५ न्यूटन सेकंद, हाच इम्पल्स. मायनसचा अर्थ एवढाच की भिंतीने बॉलला उलट्या बाजूला ढकललं, तो पुसून टाकू नकोस प्लीज.

बॉल भिंतीला नुसता चिकटून थांबला असता तर फक्त −३ आलं असतं, म्हणजे उसळून परत येणाऱ्या बॉलला जास्त इम्पल्स लागतो, आणि खरी मजा इथेच आहे.

सरासरी फोर्स विचारला तर वेळेने भाग, ०.०१ सेकंद संपर्क असेल तर ५२५ न्यूटन, दिशा भिंतीपासून लांब. फोर्स-टाइम ग्राफ दिला असेल तर त्याखालचं क्षेत्रफळ काढ, तोच इम्पल्स. आणि हो, वस्तुमान ग्रॅममध्ये दिलं असेल तर आधी किलोग्रॅम करून घे.