'सरासरी शेतकरी' कुठे राहतो?

प्रश्न असा आहे: 'योजनेमुळे सरासरी शेतकऱ्याचं उत्पन्न २० हजारांनी वाढलं' हे वाक्य मराठीत चालेल का?

नाही चालणार. सरासरी आकड्यांची निघते, माणसांची नाही. 'शेतकऱ्यांचं सरासरी उत्पन्न' म्हणा. काटोल-नरखेडच्या सगळ्या संत्राबागा पालथ्या घातल्या तरी 'सरासरी शेतकरी' सापडायचा नाही.

शब्द फारसी आहे. 'सर' म्हणजे डोकं, त्यावरून टोक. सर-आ-सर म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपल्या 'बरोबर'ची घडण हीच: बर म्हणजे छाती, बर-आ-बर म्हणजे छातीला छाती लावून. 'लबालब'ही तसाच, ओठाला ओठ, काठोकाठ. म्हणून 'सरासरी'ला संस्कृत 'सृ' धातूकडे ओढणं मला साफ अमान्य आहे. मधला दीर्घ 'आ' तिथून आणणार कसा? शालेय पुस्तकं सरासरीला 'मध्य' म्हणतात, तेही चूकच. मधोमध असतो तो मध्यक! 'सरासरी' या शब्दातच दोन्ही टोकं आहेत, आणि नेमकी तीच आपण झाकतो.

टोकं बघायची कशी? समजा, चिठ्ठ्या टाकून पाच जणांना ठिबकचं अनुदान दिलं, पाच जणांना नाही (समजायला सोपं म्हणून पाचच). दोन्हीकडची उत्पन्नं हजारांत, चढत्या क्रमाने लावा. अनुदान नसलेले: ४०, ६०, ८०, १२०, २००. अनुदानवाले: ४०, ६२, ८८, १४०, २७०. सरासरी १०० वरून १२०. आता जागेला जागा लावून वजाबाकी करा: ०, २, ८, २०, ७०. मध्यक फक्त ८ ने हलला, तळ हललाच नाही. याला 'शततमकागणिक परिणाम' म्हणावं. शततमक म्हणजे टक्के नव्हेत. ज्या किमतीखाली ९० टक्के नोंदी येतात, ती किंमत म्हणजे ९० वा शततमक.

पण यावरून 'सर्वांत गरिबाला काहीच मिळालं नाही' असं लिहू नका. दोन्ही यादींतला पहिला माणूस वेगळा आहे. अनुदानाने कुणाचा क्रम बदलत नाही असं धरलं, तरच तो आकडा माणसाला लागू होतो. शिवाय असा परिणाम मोजायची कोएन्कर आणि बॅसेट या अर्थतज्ज्ञांची १९७८ ची रीत आहे; तिच्या गणितात जमीनधारणा घातली, की तळ म्हणजे 'तेवढीच जमीन असलेल्यांतला तळ' होतो, जिल्ह्यातला गरीब नव्हे. जिल्ह्यातल्या गरिबासाठी फिर्पो, फोर्टिन आणि लेम्यू या अर्थतज्ज्ञांची २००९ ची रीत घ्या; तिच्यात तळ सगळ्यांच्या उत्पन्नातलाच राहतो. आणि नोंदी २०० असतील तर ५ व्या शततमकाखाली जेमतेम १० उरतात; तिथला आकडा दोन-चार नोंदी इकडेतिकडे झाल्या तरी डळमळतो.