गाता गळा नसला तरी

प्रश्न : माझे वय ६६ आहे. यजमान गेल्याला दीड वर्ष झाले. मुले परगावी असतात. सोसायटीतील महिला भजनी मंडळ मला आग्रहाने बोलावते. मिळून गायल्याने मन हलके होते, असे त्या भगिनी सांगतात. परंतु शाळेत गाण्याच्या बाईंनी मला ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितले, तेव्हापासून मी चारचौघांत कधी गायले नाही. घरी भजने ऐकल्याने तेवढाच लाभ होणार नाही का?

उत्तर : ऐकण्यानेही विसावा मिळतोच, परंतु त्या भगिनी ज्या अनुभवाविषयी सांगतात, तो मुख्यतः स्वतः गाण्यातून, आणि त्यातही इतरांबरोबर गाण्यातून येतो. गाताना आपण श्वास चटकन घेतो आणि ओळ संपेपर्यंत सावकाश सोडत राहतो. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, हा शरीराचा नेहमीचाच क्रम आहे; सर्वांची ओळ एकदम संपत असेल, तर सर्वांचे श्वासही एका लयीत येतात. स्वीडनमधील गोटेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या हृदयाची गतीही ओळींबरोबर एकाच वेळी वाढताना व मंदावताना आढळली. मोबाइलवरचे भजन कितीही सुरेल असले, तरी ऐकणाऱ्याचा श्वास असा ओळीला बांधला जात नाही.

मात्र अपेक्षा बेताची ठेवावी. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये साठीपुढच्या सुमारे ३९० जणांना घेऊन झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिने समूहात गायल्यावर त्यांचा एकटेपणा कमी झाला आणि जगण्यातला रस वाढला. स्मरणशक्तीत किंवा शारीरिक क्षमतेत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गाण्याच्या वर्गांची तुलना हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गांशी केली, तेव्हा सात महिन्यांअखेरीस जवळीक सर्वत्र सारखीच होती. फक्त गाणाऱ्यांची गट्टी लवकर जमली होती. तुमच्या दृष्टीने हे ‘लवकर’ मोलाचे आहे, असे मला वाटते, कारण नव्या माणसांत गेल्यावर आपले दुःख पुन्हा पहिल्यापासून सांगण्याची पाळी येते आणि भजनात ती येत नाही. (रुसवेफुगवे तिथेही असतात, हे सांगून ठेवतो.) झोप किंवा भूक उडाली असेल, दिवसचे दिवस कशातच मन लागत नसेल, तर मात्र भजनावर विसंबून न राहता डॉक्टरांना भेटावे.

राहिला गळ्याचा प्रश्न. सुरांतला फरकच कळू नये, असा जन्मजात दोष फार थोड्यांना असतो. बहुतेकांचा केवळ सराव राहिलेला असतो. शिवाय भजनाची रीतच अशी आहे की चरण एकीने सांगावे आणि ध्रुपद सर्वांनी धरावे. तेच ध्रुपद वारंवार येत असल्याने चौथ्या-पाचव्या खेपेला शब्द आणि चाल आपोआप तोंडी बसतात. पहिले काही आठवडे पेटीजवळ, पक्क्या आवाजाच्या एखादीशेजारी बसावे, टाळ मागून घ्यावा आणि फक्त ध्रुपद म्हणावे. पट्टी उंच वाटली, तर वरच्या स्वरांना गप्प राहून नुसता टाळ चालू ठेवावा. पखवाजाच्या नादात ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही.