सायकलवर रडू येतं, घरी मात्र कधीच नाही

लांबची सोलो राइड करून आलेले दोन-तीन जण तरी दरवर्षी समुपदेशनाला येऊन मला हे विचारतात, की मॅडम, सायकल चालवताना घरचे, त्यातही गेलेले लोक इतके का आठवतात, माझं काही बिघडलंय का? आज त्यातलाच एक अनुभव सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

चाळिशीचे गृहस्थ. ११ दिवसांची राइड, रोज ८०-९० किलोमीटर, एकटेच. चौथ्या दिवशी दुपारी मागचं चाक पंक्चर झालं. ट्यूब काढली, हवा भरली, भोक काही सापडेना, मग ट्यूब ओठांजवळ धरून हळूहळू फिरवायला लागले, हवेची बारीक झुळूक ओठाला लागली आणि हात तिथंच थांबले. कारण हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचे बाबा असं करायचे आणि हे लहानपणी शेजारी उकिडवे बसून बघायचे.

बाबा जाऊन तीन वर्षं झालेली. तेव्हा रडले नव्हते, सगळी धावपळ यांच्यावरच होती. इथे रस्त्याच्या कडेला अर्धा तास रडले, मग पॅच लावून निघाले, आणि उरलेले सगळे दिवस डोक्यात एकच, की बाबांनी हे कुणाकडनं उचललं असेल? आजोबांकडनं? आणि आजोबांबद्दल आपल्याला नाव सोडून काहीच कसं माहीत नाही?

माझ्यासमोर बसल्यावर पहिला प्रश्न, "हे डिप्रेशन आहे का?"

मी आधी साध्या गोष्टी विचारल्या. झोप कशी आहे, जेवण कसं आहे, आवडीच्या गोष्टी नकोशा झाल्यात का, जगू नये असं वाटतं का. डिप्रेशन म्हणताना आम्ही बघतो की उदासपणा किंवा कशातच रस नसणं हे निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ आहे का आणि सोबत बाकीची लक्षणं आहेत का. यांचं तसं काही नव्हतं, रडल्यावर उलट मोकळं वाटलं होतं. पण तुमचं तसं असेल, मरणाचे विचार येत असतील, तर राइड बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा, यात थांबायचं नाही.

दुसरं विचारलं, त्या दिवशी खाल्लं काय होतं? सकाळपासून जवळजवळ काहीच नाही! सायकलवाले ज्याला बोंक म्हणतात ना, शरीरातला साखरेचा साठा संपत येतो, पाय जड होतात, चिडचिड होते, उगाच रडू येतं, त्याचाही थोडा हात असणार. म्हणून ते रडणं खोटं ठरत नाही, फक्त दार लवकर उघडलं एवढंच.

आणि दार सायकलवरच का उघडतं? पाय एका लयीत तासन् तास फिरतायत, फोन खिशात, बोलायला कुणी नाही. बाहेरच्या कामात लक्ष गुंतलेलं नसतं तेव्हा मेंदूतलं एक जाळं जास्त चालू असतं, मेंदूचे अभ्यासक मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याला डिफॉल्ट मोड म्हटलं, आणि आपल्या स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणींशी त्याचा जवळचा संबंध आहे. घरी आपण मनाला रिकामं सोडतच नाही, मग आठवण येणार कुठून.

मग आम्ही जेनोग्राम काढला, म्हणजे घरच्या पिढ्यांचा आणि नात्यांचा नकाशा. मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञांच्या कामातून आलेली पद्धत आहे, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, निदान तीन पिढ्या, आणि नुसती नावं नाहीत तर कोणाचं कोणाशी जमायचं, कोण तुटलं, हेही रेघांनी दाखवायचं. आईची बाजू भरून गेली. बाबांच्या वर एक चौकोन, त्यात नाव, बाजूला काही नाही. बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "आजोबा घर सोडून गेले होते बहुतेक, बाबा नऊ-दहा वर्षांचे असताना. आम्ही कधी विचारलं नाही, त्यांना त्रास होईल म्हणून."

जो माणूस मेला असं सांगता येत नाही आणि आहे असंही नाही, त्याच्या दुःखाला कुटुंबांवर काम करणाऱ्या मानसतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी अँबिग्युअस लॉस, म्हणजे धूसर राहिलेला वियोग, हे नाव दिलंय. अशा दुःखाला शेवट नसतो म्हणून घरात त्यावर बोलणंच बंद होतं, आणि ती गप्प बसायची सवय पुढच्या पिढीकडे जाते, ट्यूब ओठांना लावायची सवय गेली तशीच.

त्यांना वाटत होतं की आता उत्तर मिळेपर्यंत अजून एक मोठी राइड करावी. मी स्पष्ट नको म्हटलं. प्रश्न सायकलवर सापडला हे खरं, पण त्याचं उत्तर एखाद्या जिवंत माणसाकडेच मिळेल, आणि ती माणसं म्हातारी होत चाललीयेत. मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी घरच्या गोष्टींवर २० प्रश्न काढले होते, आईबाबा कसे भेटले वगैरे, ज्या मुलांना जास्त माहीत होतं त्यांचा आत्मविश्वास जास्त दिसला, पण उत्तरं पाठ करून हे होत नाही असं ते स्वतःच सांगतात, त्यामागच्या गप्पा महत्त्वाच्या.

म्हणून आत्याला फोन करायचं ठरलं. ते विचारणार होते, आजोबा का गेले? मी म्हटलं, यानं सुरुवात करू नका हो, ७८ वर्षांच्या बाईला पहिल्याच वाक्यात तिथे नेऊ नका. पंक्चरचं सांगा आणि एवढंच विचारा की आजोबा सायकल चालवायचे का.

आत्या आधी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या बापाला पुढे दांड्यावर बसवायचे. त्याला झोप लागायची रे, मग एका हातानं हँडल आणि एका हातानं त्याचं डोकं धरून यायचे घरी."

का गेले ते अजून कळलेलं नाही, कदाचित आत्यांनाही माहीत नसेल. पुढच्या सेशनला जेनोग्राम परत आणला तेव्हा चौकोनाच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेलं, "सायकल. एका हातानं." तो कागद माझ्यासमोर सरकवताना त्यांचा हात थरथरत होता आणि माझेही डोळे भरले, ते मी लपवलं नाही.

आता पुढची राइड ठरलीये, पहिले दोन दिवस तेरा वर्षांची मुलगी सोबत असणारे. तिला आजोबा-पणजोबांचं किती सांगू असं विचारत होते. मी म्हटलं, ट्यूब तिच्या हातात द्या, आणि ती विचारेल तेवढं सांगा.