आटोपशीर, सुटसुटीत आणि एक खटाटोप

प्रश्न असा आहे: 'घडीच्या सायकलींवरच्या लेखात मी "सुटसुटीत रचना" असं लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून "संक्षिप्त रचना" केलं. कॉम्पॅक्टसाठी यातलं बरोबर कोणतं?'

आधी 'संक्षिप्त'चा निकाल लावतो, कारण या शब्दाने गेली काही वर्षं माझं डोकं उठवलं आहे. संक्षिप्त मोटार, संक्षिप्त कपाट, संक्षिप्त कॅमेरा. जाहिरात यंत्राकडून भाषांतरित करून घ्यायची आणि छापण्यापूर्वी एकदा वाचायचेही कष्ट घ्यायचे नाहीत, त्यातून हे पीक आलं आहे. अहो, संक्षिप्त असतो तो वृत्तान्त, संक्षिप्त असतं ते चरित्र. जे सांगायचं असतं ते थोडक्यात सांगता येतं. मोटार काय सांगायची असते? शिवाय शब्दाच्या पोटात डोकावा. सम् अधिक क्षिप्. क्षिप् म्हणजे फेकणे. प्रक्षेप, आक्षेप, क्षेपणास्त्र ही सगळी त्याचीच प्रजा. संक्षिप्त म्हणजे 'एका जागी फेकलेलं'. तेव्हा संक्षिप्त मोटार म्हणजे समोरून ट्रकने धडक दिल्यावर उरते ती.

परिभाषा घडवणाऱ्यांचा लाडका 'संहत' याहून बरा नाही. गणितात तो खुशाल नांदो, तिथे त्याला कुणी स्टँड लावून उभा करत नाही. पण त्यातही हन् धातू आहे: मारणे, ठोकणे. संहत म्हणजे ठोकून ठोकून एकजीव केलेलं. 'संघात' त्याच घरातला. दोन्ही शब्द अपघात विभागातले निघाले, हा योगायोग मला फार आवडतो.

'लहान', 'छोटं', 'चिमुकलं' यांच्यात वेळ घालवत नाही. लहान ते कॉम्पॅक्ट असं समजणाऱ्यांना सुई दाखवावी. सुई लहान आहे, कॉम्पॅक्ट नाही. तिच्यात काही मावलेलंच नाही. कॉम्पॅक्टपणाला आत बरंच काही असावं लागतं. १९५० नंतर अमेरिकेत हा शब्द मोटारींना चिकटला, तेव्हा ज्या गाड्यांना तो लावला त्या पाहा. १९६० सालची फोर्ड फाल्कन कॉम्पॅक्ट म्हणून विकली गेली, तिची लांबी सुमारे ४.६ मीटर. त्याच सुमारास, १९५९ साली, इंग्लंडात आलेली मिनी जेमतेम ३.०५ मीटर. एकीच्या दीडपट दुसरी! आणि आजही अमेरिकेच्या सरकारी वर्गवारीत कॉम्पॅक्ट मोटार ठरते ती बाहेरच्या लांबीवरून नव्हे, तर आतल्या जागेवरून: प्रवासी आणि सामान मिळून १०० ते ११० घनफूट. बाहेरून टेप लावणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आता इंग्रजी शब्दाचं मूळ. लॅटिन 'कॉम' म्हणजे एकत्र आणि 'पांगेरे' म्हणजे घट्ट बसवणे, रोवणे, बांधणे. करार या अर्थाचा 'पॅक्ट' त्यातलाच, कारण करारानेही माणसं बांधली जातात. पुस्तकाचं 'पेज'ही त्यातलंच. आणि हेच मूळ आपल्याकडे 'पाश' म्हणून आलं. पाशाचा पुढे फास झाला. म्हणजे कॉम्पॅक्ट आणि फास हे दूरचे का होईना, पण चुलतभाऊ. कॉम्पॅक्ट म्हणजे आवळून बांधलेलं.

तुमचा 'सुटसुटीत' इथे अडचणीत येतो. त्यात आहे 'सुटणे'. हिंदीत छूटना, मराठीत सुटणे; हिंदीत छुरी, मराठीत सुरी; त्यांचे छह, आपले सहा. सुटसुटीत म्हणजे एकमेकाला न चिकटलेलं, मोकळं, अंगाशी न गुंतणारं. सुटसुटीत कपडे, सुटसुटीत अक्षर, सुटसुटीत वाक्यं. कॉम्पॅक्ट म्हणजे बांधलेलं आणि सुटसुटीत म्हणजे सुटलेलं. 'सुटसुटीत व कॉम्पॅक्ट डिझाइन' असं एका दमात म्हणणारे विक्रेते गाठ मारतात आणि त्याच हाताने ती सोडतात, आणि आपण ते ऐकून मान डोलावतो.

मग शब्द कोणता? 'आटोपशीर'. दुसरा नाहीच. आणि ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते आता.

आटोपशीर कुठून आला हे विचारलं की दोन ठरीव उत्तरं मिळतात. पहिलं उत्तर 'आटणे'वाल्यांचं: विहिरीचं पाणी आटतं, तशी वस्तू आटली की आटोपशीर. ऐकायला गोड, पण मग 'ओप' कुठून आला ते हे लोक सांगत नाहीत. दुसरं उत्तर 'टोप'वाल्यांचं: टोप म्हणजे डोक्यावरचं झाकण, झाकलं की आटोपलं. यावर बोलण्यापेक्षा टोप घालून गप्प बसलेलं बरं.

दोघेही शब्दाची शेपटी बघत नाहीत. कायदेशीर, फायदेशीर, पद्धतशीर, किफायतशीर. 'शीर' कशाला लागतो? कायदा, फायदा, पद्धत, किफायत: नामाला. 'करणे'ला शीर लावून करशीर होत नाही, 'आवरणे'चं आवरशीर होत नाही. मग आटोपशीरच्या आधी 'आटोप' हे नाम असायलाच हवं. आणि ते आहे. संस्कृतात आहे. मोनिअर-विल्यम्सच्या १८९९ च्या कोशात उघडून पाहा, अर्थ काय दिला आहे? फुगणे! फुगारा, गर्व, पोटात धरलेला वायू. वैद्यही पोट फुगून गुरगुरू लागलं की त्याला आटोपच म्हणतात. नागाच्या फण्याबद्दलचं ते प्रसिद्ध सुभाषित आठवा: विष असो वा नसो, 'फणाटोपो भयङ्करः'. फण्याचा फुगारा भीती घालायला पुरतो.

म्हणजे संस्कृतात जो शब्द फुगण्याचा, तोच मराठीत आवरण्याचा. पसारा आटोप. मुलं आटोपत नाहीत. भाषण आटोपतं घ्या. मला तर हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा रात्री झोप लागली नाही (घरच्यांच्या मते त्याला दुसरी कारणं होती).

असा उलटा कोलांटा शब्दाने कसा मारला? माझं मत सांगतो, आणि हे माझंच मत आहे, कोणत्याही कोशाच्या माथी मारू नका. कोंबडी पाहिली असेल. घार दिसली की ती पिसं फुलवते, होती त्याच्या दुप्पट होते. तो तिचा आटोप. पण त्याच फुललेल्या पिसांखाली सगळी पिल्लं मावतात. जेवढा फुगारा, तेवढी कव. फुगण्याचा अर्थ व्यापण्याकडे सरकला, व्यापण्याचा कवेत घेण्याकडे, कवेत घेतलं ते ताब्यात आलं, आणि जे काम ताब्यात आलं ते संपलं. 'आटोपणे'चे आजचे दोन्ही अर्थ, आवरणे आणि संपवणे, या एकाच माळेतले. 'व्याप' शब्दाचा प्रवास ताडून बघा: व्यापणं म्हणजे पसरणं, पण 'माझा व्याप' म्हणताना जे माझ्या अंगावर आहे ते सगळं त्यात येतं.

आता पुरावा म्हणून 'घटाटोप' घ्या. आभाळात ढगांची घटा दाटते, तिचा आटोप; त्यावरून कुठल्याही अवाढव्य तयारीला आपण घटाटोप म्हणतो. इथे फुगण्याचा जुना अर्थ जसाच्या तसा शाबूत आहे. आणि 'खटाटोप'? यावर माझे एक ज्येष्ठ कोशप्रेमी मित्र गेली दहा वर्षं माझ्याशी वाद घालताहेत. त्यांच्या मते खटाटोप म्हणजे निव्वळ 'खटपट'चा नादमय विस्तार, त्यात आटोप-बिटोप काही नाही. मी विचारतो, मग खटपट या शब्दाचं काय वाईट झालं होतं, की तिला टोपाचं शेपूट लावावं लागलं? खटपट करणारा फक्त धडपडतो. खटाटोप करणारा पसारा मांडून, फणा काढून धडपडतो. तो फणा म्हणजे आटोप. यावर त्यांचं उत्तर ठरलेलं: 'तुला आटोप सगळीकडे दिसतो.' दिसतो, कारण आहे.

आता गंमत बघा. आटोपशीर वस्तू बनवणं हा जगातला सगळ्यात मोठा खटाटोप. मिनी घ्या. ॲलेक इसिगोनिस यांच्यापुढे अट होती ती चार माणसं आणि त्यांचं सामान लहानशा गाडीत बसवण्याची. त्यांनी इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली तेलाच्या टाकीतच कोंबला, दोघांना एकच तेल. चाकं अवघी १० इंची, म्हणजे चाकांच्या कमानींनी आतली जागा खायला नको. प्रत्येक भाग दुसऱ्याच्या पाशात. लॅटिन अर्थाने ही अस्सल कॉम्पॅक्ट. पण आत बसणाऱ्याला या आवळण्याचा पत्ता नाही, त्याला पाय पसरता येतात. सगळा खटाटोप बॉनेटखाली, आटोपशीरपणा चालवणाऱ्याच्या हाती.

जपानी माणूस अशा गाडीला 'केइ' म्हणतो. केइ म्हणजे हलकी. आजच्या नियमाप्रमाणे लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी, यापलीकडे गेली की ती केइ राहत नाही. म्हणजे इंग्रज बघतो ती किती घट्ट बांधली आहे, जपानी बघतो किती हलकी आहे, आणि मराठी माणूस बघतो ती माझ्या कवेत येते का. तिघांनी एकाच वस्तूला तीन वेगळी मापं लावली. आपलं माप सेंटिमीटरचं नाहीच. ते वापरणाऱ्याच्या हाताचं आहे. म्हणून तीच गाडी नवशिक्याला आटोपशीर नसते आणि मुरलेल्याला असते. 'कॉम्पॅक्ट' हा वस्तूचा गुण झाला. 'आटोपशीर' म्हटलं की वस्तू आणि माणूस यांच्यातलं नातं आलं. हा फरक भाषांतर करणाऱ्यांच्या गावी नाही.

हाताच्या मापाचं सर्वांत चोख उदाहरण तर गाडीत नाही, घरात सापडतं. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं: १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. कल्पना घेतली रेल्वेच्या भोजनडब्यातल्या स्वयंपाकघरावरून. किती पावलं पडतात, हात कुठवर पोचतो, यावर सगळी मांडणी. उभ्या जागी वळलं की पुढची वस्तू हाताशी. याला 'संक्षिप्त स्वयंपाकघर' म्हणणाऱ्याला तिथे कोंडून ठेवावं. ते आटोपशीर आहे, कारण तिथे उभ्या असलेल्या बाईचा आटोप, म्हणजे तिच्या दोन हातांची कव, हेच त्याचं क्षेत्रफळ.

'टुमदार' राहिला. तो घराला आणि गावाला लावावा, मोटारीला लावला तर ती मोटार डोंगरपायथ्याशी कौलं घालून बसल्यासारखी वाटते. 'छोटेखानी' समारंभापुरता ठीक. 'नेटकं' जवळचं आहे, पण ते दिसण्याबद्दल जास्त बोलतं.

तुमची सायकल मात्र विसरलो होतो. उदाहरण म्हणून लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात घडवलेली ब्रॉम्प्टन घेतो. १६ इंची चाकं. मागचं चाक सांगाड्याखाली वळतं, पुढचं बाजूला येऊन बसतं, साखळी दोन चाकांच्या मध्ये जाते म्हणून कपड्यांना काळं लागत नाही. आणि शेवटी सीटचा दांडा खाली सरकवला की सगळं गाठोडं तिथल्या तिथे कुलूपबंद होतं. पाहा, तो दांडा म्हणजे अक्षरशः पाश! तो खाली येईपर्यंत सायकल नुसती दुमडलेली असते, तो बसला की बांधलेली होते आणि एका हातात मावते. आगगाडीतून उतरून दांडा वर ओढला, सांधे उलगडले, की तीच सायकल मोकळी, कुठेही वळणारी.

म्हणजे तुमचं 'सुटसुटीत' पूर्ण चूक नव्हतं, फक्त अर्ध्या सायकलीला लागू होतं. लेखात असं लिहा: 'घडी घातली की आटोपशीर, उलगडली की सुटसुटीत.' संपादकांनी पुन्हा 'संक्षिप्त' केलं तर लेखच संक्षिप्त करून पाठवा. आणि आटोपशीरमधली 'शी' दीर्घ आहे; लिहिताना ती ऱ्हस्व करू नका.