टाळ कपाटात ठेवलेत म्हणालीस

अगं, तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलेला, तो मी सकाळी चहा घेताना वाचला आणि तिथल्या तिथे उत्तर टाइप करायला बसलो तर ते लांबतच गेलं, त्यामुळे आता हे पत्रच समज.

आजी गेल्यापासून तिचे टाळ कपाटात पडून आहेत, वाजवावेसे वाटत नाहीत आणि कुणाला देऊन टाकवतही नाहीत, असं तू लिहिलंस. आणि लगेच पुढच्या ओळीत, काका, धर्म नक्की असतो कशासाठी, आणि खरं काय ते कुणाला कळतं तरी का? मला पहिली ओळ जास्त आवडली. दुसरी जरा पॉडकास्टवाली वाटली, राग मानू नकोस.

मी काही यातला अधिकारी माणूस नाही. पण एकदा चांगलाच तोंडावर पडलोय, ते सांगतो.

तिशीत होतो तेव्हा एका महाराजांच्या नादी लागलो होतो, नाव नको. सात दिवसांचं शिबिर, घरच्यांशी संपर्क बंद, घरी फोन नंबरसुद्धा द्यायचा नाही कारण म्हणे मोह तुटला पाहिजे. पाचव्या दिवशी मला आतून काहीतरी उघडल्यासारखं वाटलं, रडलो वगैरे, ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. तसा तरंगतच घरी आलो तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, अरे होतास कुठे, दादांना ॲडमिट करून तीन दिवस झाले. दादा म्हणजे माझे वडील. धाकटा भाऊ तेव्हा बारावीत, तो एकटा रक्ताच्या बाटलीसाठी गावभर सायकलवर फिरलेला. मी वॉर्डात शिरलो तर दादांनी एवढंच विचारलं, जेवलास का. वाचले ते, पुढे चार वर्षं होते, पण त्यांनी तो विषय कधी काढला नाही. भावाने काढला. अजून काढतो.

त्यानंतर कधीतरी एका कीर्तनात पुंडलिकाची गोष्ट, जी लहानपणापासून शंभरदा ऐकलेली, ती मला पहिल्यांदा नीट ऐकू आली. देव दारात आलाय, हा आईबापाच्या सेवेत, उठायला तयार नाही, बाजूची वीट मागे फेकतो आणि म्हणतो यावर उभा राहा, माझं आवरू दे. आणि देव राहतो की उभा! अठ्ठावीस युगं झाली म्हणे. आता हे घडलं का नाही मला माहीत नाही, आणि विठ्ठल मूळचा कोण यावर अभ्यासक भांडतात ते वाचायला मला आवडतंच, पण ज्या लोकांनी ही गोष्ट जिवापाड जपली त्यांना धर्म कशासाठी ते कळलं होतं असं मला वाटतं. ताटकळायचंच असेल तर देव ताटकळेल, घरातलं म्हातारं माणूस नाही. मी नेमकं उलटं केलं होतं.

तेव्हापासून एक खोड लागलीये. कुणी म्हणालं मला सत्य सापडलं, की मी बघतो याच्या सत्यापायी ताटकळलंय कोण. बायको? आई? आश्रमात भांडी घासणारी पोरं?

हे आपल्या घरालाही लावावं लागतं हां, नुसतं दुसऱ्याच्या बाबाला लावून भागत नाही. त्याच पंढरपुरात नामदेव पायरी आहे आणि तिच्या समोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्यात गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून ते गेले असं सांगतात. विठ्ठलावर एवढा जीव टाकणारा माणूस, पण जातीमुळे आत प्रवेश नाही, बाहेरच. बरं ते चौदावं शतक म्हणून सोडून द्यावं तर १९४७ च्या मे महिन्यात, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं असताना, साने गुरुजींना तिथे दहा दिवस उपोषण करावं लागलं तेव्हा कुठे ते दार उघडलं. म्हणजे विटेवर देव आणि पायरीशी माणूस, दोघंही सहाशे वर्षं उभेच. तू वारकरी घरातली, आजीने अभंग शिकवले असतील, हे सांगितलं होतं का?

आणि काही जण ताटकळत राहिले नाहीत. बाबासाहेबांनी नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू केला, वर्षानुवर्षं माणसं दाराशी, दार उघडलं नाही, मग १९३५ ला येवल्यात त्यांनी जाहीर सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. आता पुढचं बघ, दीक्षा कधी घेतली? १४ ऑक्टोबर १९५६. एकवीस वर्षं! सगळ्या धर्मांची माणसं या आमच्याकडे म्हणत होती, आणि एवढा वाचलेला माणूस घाई करत नव्हता. तू जानेवारीत एक गुरू धरलास, मार्चमध्ये सोडलास, आणि मे मध्ये मला विचारतेस की सत्य असतं का. (फुल्यांनी १८७३ ला समाज काढला त्याचं नावही बघ, सत्यशोधक. शोधक म्हणाले, सापडलं म्हणाले नाहीत.)

ध्यान करतेस ते कर, चांगलंच आहे. पण ध्यानाला बसले होते म्हणून आईचे तीन मिस्ड कॉल राहिले, हे तूच मागे हसत सांगितलं होतंस. मला नव्हतं हसू आलं.

टाळांचं म्हणशील तर, दादा गेल्यावर मी पहिल्यांदा वारीला गेलो तेव्हा माझ्याकडेही असलेच मोठे मोठे प्रश्न होते. वाल्ह्याच्या मुक्कामाला राहुटीत परभणीकडच्या एक आजी शेजारी, त्यांनी सुई माझ्या हातात दिली, दोरा ओव म्हणाल्या, दिसत नाही. ओवून दिला. त्यांनी स्वतःच्या टाचेवरच्या फोडातून सुई या बाजूने त्या बाजूला काढली, पाणी निथळू दिलं, दोरा तसाच आत ठेवला, आणि मग म्हणाल्या, आण तुझा पाय. मी नको नको म्हणतोय तर पाय ओढलाच. "ओल्या मोज्यात चालतंय का कुणी, शिकलेला दिसतोस." डॉक्टर लोक आता असला उद्योग करू नका म्हणतात, बरोबरच आहे त्यांचं. पण कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा असलं काही न विचारता त्या बाईने माझा चिखलाचा पाय मांडीवर घेतला होता. मी धीर करून विचारलं, आजी, इतकी वर्षं चालताय, काय मिळालं हो? उत्तर नाही. बघतो तर झोपल्या होत्या, सुई हातात तशीच. मी ती काढून त्यांच्या पिशवीला टोचून ठेवली आणि कंदील बारीक केला.

तर असं कर, सत्याचं राहू दे जरा. यंदा माऊलींची पालखी सासवडहून जेजुरीला निघेल त्या दिवशी सुट्टी टाक, एकच दिवस, श्रद्धा वगैरे काही आणू नकोस, टाळ आण. जेजुरीत भंडारा उधळतात तेव्हा जुने कपडे असलेले बरे. आईला विचार येतेस का, गुडघे दुखतात म्हणाली तर हळू चालू, आपल्याला कुठे घाई आहे. आणि मोजे दोन जोड जास्त घे.

तुझा,
काका