"हे आता हसतच नाहीत"

"निवृत्तीनंतर हे पार बदलले. हसत नाहीत, नातवाशी खेळत नाहीत, विचारलं तर पुटपुटतात. माझं काय चुकलं?" काकू सांगत होत्या, काका शेजारी निर्विकार बसले होते. समुपदेशक म्हणून साठीपुढच्या जोडप्यांकडून ही तक्रार मी वारंवार ऐकते. बहुतेकदा मुळाशी नैराश्य किंवा रिकामपण असतं.

इथे मात्र काका आत आले तेव्हाच त्यांची चाल डोळ्यांत भरली होती. डावा हात झुलत होता, उजवा कोपरात वाकून अंगाशी चिकटलेला. काकू रडू लागल्या तेव्हा काकांचेही डोळे भरून आले, पण चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

मग मी अगदी साधे प्रश्न विचारले. बँकेने सही जुळत नाही म्हणून चेक परत केला होता. अक्षर दिवसेंदिवस बारीक होत चाललं होतं. शर्टाची बटणं लावायला फार वेळ लागायचा. फोडणी करपली तरी वास येत नव्हता, तोही कित्येक वर्षांपासून. बद्धकोष्ठता जुनीच. रात्री झोपेत ओरडायचे, लाथा झाडायचे. उजवा खांदा आखडला म्हणून शेक चालू होता. यातली प्रत्येक गोष्ट घरात वयाच्या नावावर खपून गेली होती. मला मात्र पार्किन्सन्सची, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराची शंका आली, आणि तसं मी सांगितलं.

"पण यांचा हात कुठे थरथरतो?" काकूंनी विचारलं. पार्किन्सन्सच्या प्रत्येक रुग्णाला कंप असतोच असं नाही. मुख्य खूण म्हणजे हालचाल मंदावणं, तीही सहसा आधी एका बाजूची. कंप असला तर बहुधा हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो. कप उचलताना दोन्ही हात थरथरत असतील तर कारण बऱ्याचदा वेगळं निघतं.

निदान करणं माझं काम नव्हे. मी चिठ्ठी देऊन न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्यायला सांगितलं, कारण चक्करेवरच्या सिनारिझिनसारख्या औषधांनीही अशीच लक्षणं दिसू शकतात. काकांना पार्किन्सन्सच निघाला. तो रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत सापडत नाही, डॉक्टर अंग तपासून ओळखतात. लेव्होडोपा या औषधाने ताठरपणा बराच उतरला. आजार पूर्ण बरा होत नाही, हेही दोघांना स्पष्ट सांगितलं.

हा आजार हळूहळू येतो, त्यामुळे अपॉइंटमेंट घेऊन जाता येतं. पण तोंड अचानक वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा तासभरही थांबू नका, सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

माझ्याकडची सत्रं पुढेही चालली. चेहरा बघून मनातलं ताडायची काकूंची चाळीस वर्षांची सवय मोडायची होती. काकांनी आवडलं, राग आला, दमलो, हे तोंडाने सांगायचं ठरलं, आणि त्यांचा आवाज खोल गेल्यामुळे काकूंनी तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवायचा.