‘मी घरच्यांवर ओझं झालोय’

मणक्याच्या दुखापतीला कितीही वर्षं लोटली तरी हे वाक्य ठाणे शहरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत पुन्हा पुन्हा ऐकू येतं. ‘असं बोलू नका’ म्हटल्यानं ते जात नाही. मी आधी माणसाचा दिवस विचारतो. काय खाल्लं, किती झोप झाली, पाणी किती प्यायलं. मनातलं तिथंच सापडतं, हा माझा विश्वास आहे.

कळव्याचा सचिन (नाव बदललं आहे) बांधकामाच्या परांचीवरून पडला. कमरेखालची संवेदना गेली, हात शाबूत. आता सारखा ताप, लघवीत जंतुसंसर्ग.

“पाणी किती पिता?”

“तहान लागेल तेवढं.”

“यांना तहान लागतच नाही,” बायको म्हणाली.

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “प्यायलो की हिला लघवी काढायची नळी घालावी लागते. दिवसभर राबून येते, रात्रीही उठवू?”

ती बघतच राहिली. “अहो, नळीला दहा मिनिटं लागतात. तुम्हाला ताप आला की माझे खाडे होतात, पगार कापतात!”

त्या एका उत्तरानं पुढची वाट मोकळी झाली. अपराधी वाटणं मनात बसून राहत नाही, ते शरीराची निगा खाऊ लागतं. कुणी पाणी तोडतं. कुणी कूस बदलायला हाक मारत नाही, मग जखम होते आणि घरच्यांचे कष्ट दुप्पट होतात. हे ध्यानात आल्यापासून मी अनेक घरांत पाण्याचा प्रश्न आधी विचारतो.

सचिन पुनर्वसन विभागातल्या सिस्टरकडून नळी स्वतः घालायला शिकला, दर 4 ते 6 तासांनी. पहिल्या रात्रीनंतर त्याचा फोन आला: “हिला उठवलं नाही.”

घरच्यांनो, त्याला जमतं ते काम त्याच्या हातून काढून घेऊ नका, वेळ लागला तरी. खुर्चीत दर 15 ते 30 मिनिटांनी भार हलवणं, रोज आरशात पाठीची-कुल्ल्यांची त्वचा बघणं, हे त्याचं त्याला करू द्या. पाणी किती, हे डॉक्टरांना विचारा. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याहून वर असेल आणि अचानक डोकं ठणकलं, घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. बसतं करा, कपडे सैल करा, लघवी तुंबलीय का पाहा. उतार पडला नाही तर लगेच रुग्णालय गाठा.

संवेदना गेली तरी सचिनच्या पायांत होणारी आग अजून थांबलेली नाही, रात्री वाढते. डॉक्टरांची औषधं चालू ठेवून सध्या आमचं बोलणं त्यावर चाललंय.